सातवा हिस्सा

दस्तगीर नदाफ गाद्या भरायचा. जतच्या दक्षिणेला, जिथं माणूस मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरतो आणि त्याचं त्यालाही कळत नाही, अशा एका गावात त्याचं कापूस पिंजायचं यंत्र होतं. आता लोक तयार फोमच्या गाद्या घेतात, तरी लग्नाच्या रुखवतात अजून कापसाचीच गादी लागते, त्यामुळे घर चालत होतं. दुसऱ्यांची अंथरुणं शिवणाऱ्याला अंथरूण पाहून पाय पसरावेत हे वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून त्यानं आजवर बकरी ईदला कधी कुर्बानी केली नव्हती. ज्याला ऐपत आहे त्याच्यावरच ती वाजिब, म्हणजे बंधनकारक, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं, तेव्हा त्याला कुणी नाव ठेवत नव्हतं. ईदच्या दुपारी चार घरांतून वाटणीचं मटण यायचं, त्याची बायको खैरुन ते रांधायची, दोघं पोटभर जेवायची आणि वर अल्लाचे आभार मानायची. सगळं कसं बिनघोर चाललं होतं.

घोर लागला तो लेकीच्या लग्नापासून. नाजनीन थंडीत सांगलीला मणेरांच्या घरात पडली. बांगड्यांची दोन दुकानं असलेलं घर. व्याही मीरासाहेब मणेर माणूस गोड, पण अंगावरचा सदरा असा कडक इस्त्रीचा की त्याच्या शेजारी बसताना दस्तगीर आपोआप अंग चोरायचा. ईदेच्या आठ-पंधरा दिवस आधी त्यांचाच फोन आला. म्हणाले, औंदा ईदेला दुपारचं जेवण तुमच्याकडं. दस्तगीर "या की, या की" म्हणाला आणि फोन ठेवून त्यानं खैरुनला हाक मारली.

"काय वाढायचं त्यास्नी?" खैरुन म्हणाली. "लोकांनी गरिबांचा वाटा म्हणून दिलेलं व्याह्यांच्या ताटात वाढायचं?"

 बाजारातून मटण आणता आलं असतं, पण ईदेच्या दिवशी विकतचं मटण म्हणजे तर सगळ्या गावात दवंडीच.

अशात एका संध्याकाळी इलाही मास्तर दारात आले. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. दर वर्षी सात जणांना एकत्र करून ते रेड्याची कुर्बानी करवायचे. मोठ्या जनावरात सात हिस्से चालतात. ज्याला एकट्याला बकरं परवडत नाही तोही त्यामुळं कुर्बानीत येऊ शकतो. औंदा एक हिस्सेदार पोराकडं पुण्याला गेला होता आणि सातवा माणूस मिळत नव्हता.

"दस्तगीर, तुझ्यावर वाजिब न्हाई, मला म्हाईत हाय," मास्तर म्हणाले. "पण मनात असलं तर..."

मास्तरांचं वाक्य पुरं व्हायच्या आत दस्तगीर हो म्हणून मोकळा झाला. इतक्या झटक्यात हो म्हणालेलं बघून मास्तरांना भरून आलं. "अल्ला कबूल करो," असं ते दोनदा म्हणाले. दस्तगीरनंही मान खाली घातली, आमीन म्हणाला. आणि त्याच वेळी त्याच्या मनात तांब्याच्या पातेल्यातला रस्सा उकळत होता, मीरासाहेब नळीचं हाड चोखत होते आणि आपण म्हणत होतो, घ्या हो, घरच्या कुर्बानीचं आहे. या सगळ्या चित्रात अल्ला कुठं होता म्हणाल, तर कुठंच नव्हता. दाराशीसुद्धा नव्हता. पण हे दस्तगीरच्या ध्यानात आलं नाही. आपल्या तरी कुणाच्या कधी येतं?

हिस्सेदार ठरले. मास्तर स्वतः, विळे-सुऱ्या घडवणारे तिघे शिकलगार भाऊ, चहाचा गाडा लावणारा बाबालाल, मालनबी आणि दस्तगीर.

यातल्या मालनबीबद्दल सांगायला हवं. तिचा नवरा लालसाब हमाली करायचा. आयुष्यभर दर ईदेला म्हणायचा, पुढल्या वर्षी आपणही एक हिस्सा घेऊ, आणि ते पुढलं वर्ष आलंच नाही. तो गेल्यावर मालनबीनं कोंबड्या पाळल्या. वर्षभर अंडी विकली, एकही स्वतःच्या तोंडात घातलं नाही, आणि त्यातून लालसाबच्या नावानं हा हिस्सा घेतला. आपल्या नावानं नाही, त्याच्या नावानं. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कुणी बोलत नसे.

ईदेचा दिवस उजाडला. टँकर दोन दिवसांपूर्वी येऊन गेला होता, त्यामुळे घरोघरी बॅरल भरलेली होती आणि लोक जरा सैल हातानं आंघोळ करून आले होते. माळावरच्या ईदगाहात सतरंज्या पसरल्या. मिरजेहून एक तरुण मौलवी आले होते. आवाज मोठा नव्हता, हातवारे नव्हते. शेजारच्याशी बोलावं तसे ते बोलत होते. बोलता बोलता त्यांनी सात हिश्श्यांचा नियम सांगितला. सात जण एका जनावरात हिस्सेदार असतील, तर सातही जणांची नियत इबादतीची, अल्लाच्या भक्तीची हवी. त्यातल्या एकानं जरी मनात नुसतं गोश्त धरलं असेल, तरी त्याची एकट्याचीच नव्हे, उरलेल्या सहांचीही कुर्बानी होत नाही. एवढं सांगून ते पुढच्या मुद्द्याकडं वळले.

दस्तगीर मात्र तिथंच राहिला. त्याच्या कानात जणू कापूस भरला. पुढं काय सांगितलं, नमाजाला केव्हा उभे राहिलो, नमाज संपल्याचा सलाम केव्हा फिरवला, काही कळलं नाही. लोक गळाभेट घेत होते, ईद मुबारक म्हणत होते, आणि तो प्रत्येकाच्या खांद्यावरून मालनबीला शोधत होता. बायका ईदगाहात येत नसत, तरी शोधत होता.

परतताना त्यानं मास्तरांना गाठलं. "मास्तर, समजा हां, समजा कुणाच्या मनात तसं आलं..."

मास्तर समजावून सांगायच्या आवडीचे. "आता बघ, सात घरांनी मिळून एक माठ भरला. एकानं त्यात थुकलं. मग माझ्या वाटणीचं पाणी तेवढं चांगलं हाय, असं म्हणता येतंय व्हय?"

"पर कळणार कसं कुणाला?"

"आपल्याला कुठं कळतंय," मास्तर म्हणाले. "ज्याला कळायला पायजे त्याला कळतंय." आणि ते हसत पुढं गेले. त्यांना वाटलं, दस्तगीर नवा हिस्सेदार, हौसेनं धर्माचे मसले विचारतोय.

दस्तगीरनं वाटेतच नियत बदलायचं ठरवलं. अवघड काय त्यात? मनातच तर बदलायची. बाभळीखाली उभा राहून तो पुटपुटला, या अल्ला, मी ही कुर्बानी तुझ्यासाठी करतो. शब्द बरोबर आले. पण शब्दांच्या मागं मीरासाहेब मांडी घालून बसलेलेच होते, ताट पुढं घेऊन. त्यानं पुन्हा म्हटलं. मीरासाहेब हलले नाहीत. मग त्यानं नामी युक्ती काढली, की माझा सगळा हिस्सा मी गरिबांत वाटून टाकीन, घरी बोटभरही नेणार नाही. क्षणभर बरं वाटलं. लगेच कानात गावाचा आवाज आला, काय माणूस आहे बघा, व्याही दारात असताना सगळं वाटून टाकलं. आणि ते ऐकून त्याला गोड वाटलं. गोड वाटलं म्हणून तो घाबरला. पिंजलेल्या कापसातली सरकी काढावी, तर तिच्याखाली आणखी बारीक सरकी निघावी, तसं चाललं होतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण एक साधासुधा, सरळ माणूस आहोत.

आता एकच वाट उरली. गप्प बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सातांच्या मनात डोकावून बघणारं गावात कोण होतं? मौलवी मिरजेला परत जाणार होते. रेड्याचे डॉक्टरचे कागद झाले होते, शिकलगारांच्या शेडमागं जागा झाडून ठेवली होती, कापणारा गैबी मुलाणी येऊन बसला होता. दस्तगीर मूठ झाकूनच तिथं पोचला.

शेडच्या सावलीला पाण्याचं बॅरल होतं. त्याच्याजवळ मालनबी डोक्यावर पदर घट्ट ओढून बसली होती. एरवी बायका तिथं थांबत नसत, पण ती थांबली होती आणि तिला ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. दस्तगीर दिसताच तिनं हात केला.

"दस्तगीर, नाव नीट घेतील न्हवं रं?"

"कुणाचं, चाची?"

"ह्यांचं. लालसाब वल्द कासीम. चुकून माझंच घेतील. तू जरा गैबीभाईला सांग. म्या सांगितलं असतं, पर मला मधीच रडू आलं तर नाव अर्धंच राहील."

"सांगतो," दस्तगीर म्हणाला.

सुरी चालवण्याआधी गैबी सातही नावं बापाच्या नावासकट मोठ्यानं घेत असे, अमुक वल्द अमुक, सगळी तोंडपाठ. दस्तगीर त्याच्याकडं गेला आणि लालसाबचं नाव सांगितलं.  आता त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. गैबी ते नाव अगदी बरोबर घेईल. मालनबी डोळे मिटून ऐकेल. आज लालसाबचं पोचलं, असं म्हणून निवांत घरी जाईल आणि उरलेलं आयुष्य त्या निवांतपणात काढेल. आणि ते कुठंच पोचलेलं नसेल. का, तर दस्तगीर नदाफला व्याह्यापुढं ताठ बसायचं होतं.

पण मग बोलायचं? तेवढ्यात शेडच्या पलीकडं गाडीचं दार वाजलं आणि कडक इस्त्रीचा सदरा घातलेले मीरासाहेब मणेर स्वतः चालत आले. घरी खैरुननं सांगितलं असणार, इकडंच आहेत म्हणून. "वा, दस्तगीरभाई," ते म्हणाले, "आम्हाला बोलला नाहीत तुम्ही. हिस्सा घेतलाय होय?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. ज्या कौतुकासाठी पंधरा दिवस जीव टांगला होता, ते हे. ते कानावर पडलं आणि दस्तगीरनं मालनबीकडं बघितलं.

गैबीनं सुरी पाठीमागं धरली. जनावराला ती आधी दिसू नये, असा त्याचा शिरस्ता होता. मालनबी सोडून सगळे उभे राहिले. गैबीनं तोंड उघडलं.

"थांबा," दस्तगीर म्हणाला.

आवाज इतका बारीक आला की त्याला तो पुन्हा काढावा लागला. "थांबा, गैबीभाई. माझं नाव घेऊ नगा. सहाच नावं घ्या. सहा हिस्स्यांची बी हुतीया न्हवं?"

"हुतीया की," गैबी म्हणाला. "पर का?"

"म्या अल्लासाठी हिस्सा घेतलाच न्हवता." आता शब्द आपोआप येत होते. "व्याही येणार म्हणून घेतला. वाटणीचं मटण त्यांच्या ताटात वाढायला लाज वाटत हुती. सकाळपास्नं नियत बदलून बघितली, बदलंना. माझ्यापायी तुमच्या सगळ्यांचं वाया जाईल. लालसाबचाचाचं बी." त्यानं मीरासाहेबांकडं बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती.

आता शिव्या पडतील, निदान थोरला शिकलगार तरी दोन शब्द सुनावेल, असं त्याला वाटलं. थोरल्यानं तोंड उघडलंही. पण मग त्यानं ते तसंच मिटलं. दस्तगीरनं हळूच मान वर केली, तर त्याच्याकडं कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा खाली होत्या. रेडा तेवढा कडबा चावत होता.

मग मास्तर हलले. सकाळी माठाचा दाखला देऊन हसत पुढं गेलेले इलाही मास्तर.  बॅरलपाशी गेले, टोपी काढून खुंटीला लावली, तांब्या घेतला आणि वजू करायला बसले. सकाळच्या नमाजाला सगळ्यांनीच वजू केला होता. पुन्हा करायची कुणाला सक्ती नव्हती, आणि टँकरचं पाणी कारणाशिवाय दुसऱ्यांदा सांडणारा माणूस त्या गावात जन्माला यायचा होता. तरी मास्तरांनी हात धुतले, चूळ भरली, तोंडावरून पाणी घेतलं.  वर्षानुवर्षं सात जणांना गोळा करणारा मी, असं काही त्यांना आतमध्ये दिसलं की आणखी काय, ते त्यांनाच ठाऊक. ते उठून बाजूला झाले तसा थोरला शिकलगार गेला. मग मधला. धाकटा बराच वेळ जमिनीकडं बघत उभा राहिला आणि मग जवळजवळ पळतच गेला. बाबालाल गेला. गैबीचा तर हिस्साही नव्हता, पण त्यानं सुरी फडक्यात गुंडाळून उंच ठेवली आणि तोही बॅरलपाशी गेला. 

शेवटी मालनबी उठली.

ते बघून दस्तगीर खरा हादरला. शिकलगारांचं समजू शकत होतं, बाबालालचं समजू शकत होतं, स्वतःचं तर चांगलंच समजलं होतं. पण मालनबी? एकही अंडं तोंडात न घातलेली मालनबी? तिच्या मनात धुण्यासारखं काय असेल? आणि तिलाही जर उठावंसं वाटत असेल, तर ज्याच्यापुढं हे सगळे हात धूत होते, तो किती आतपर्यंत बघत असेल?  त्याला वाटलं, इतकी वर्षं आपण ज्याला वर आभाळात शोधत होतो, तो सगळा वेळ इथं, छातीच्या आत, आपण स्वतः कधी पाऊल न टाकलेल्या खोलीत बसून होता. आणि काही न बोलता बघत होता. राग नव्हता त्या बघण्यात. नुसतं बघणं होतं, पण त्याच्यापुढं उभं राहणं त्याला सोसेना.

मालनबी पदराला हात पुसत त्याच्यापुढं आली. तिचा चेहरा ओला होता, पाण्यानं की कशानं ते सांगता येत नव्हतं. "दस्तगीर," ती म्हणाली, "चल. तू बी करून घे."

"चाची, माझं नाव तर..."

"आदी वजू कर."

त्यानं केला. ओंजळभर पाणी तोंडावर घेतलं आणि डोळे मिटून सवयीनं मीरासाहेबांचं ताट शोधलं. सापडलं नाही. सकाळपासून हलवून हलवून न हललेलं ते ताट जागेवर नव्हतं. चारचौघांत बोलून टाकलं, तिथंच ते गेलं होतं. त्याच्या जागी काही भक्तीचा पूर आला होता असं नाही, आणि आला होता असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिथं नुसती झाडून काढलेली जागा होती. त्यानं ती जागा आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यानं तांब्या बॅरलच्या काठावर ठेवला.

तो वळला तेव्हा सगळे उभे होते. गैबी त्याच्याकडं बघत होता. "किती नावं घेऊ?" त्यानं हलकेच विचारलं. मास्तरांना विचारलं नाही, दस्तगीरलाच विचारलं.

दस्तगीरला आत पुन्हा एकदा बघावं लागलं. मग तो म्हणाला, "सात."

गैबीनं नावं घेतली. लालसाब वल्द कासीम, हे नाव त्यानं सावकाश घेतलं, आणि ते अर्धं राहिलं नाही. दस्तगीर वल्द मौला, हे शेवटचं. शाळेत, रेशनच्या दुकानात, लेकीच्या निकाहात त्यानं आपलं नाव पुष्कळदा ऐकलं होतं. पण आता ते कुणापुढं तरी घेतलं जात होतं, आणि ज्याच्यापुढं घेतलं जात होतं त्याला ते आधीपासून माहीत होतं. दस्तगीरनं डोळे मिटले.

दुपारी वाटप झालं. एक वाटा गरिबांचा, एक नातलगांचा, एक घरचा, रीतीप्रमाणे. कमी नाही, जास्त नाही. वाटेत दोघं व्याही बरोबर चालले, पण मीरासाहेब एक शब्द बोलले नाहीत. दस्तगीरनं मनाशी धरलं, गेली इज्जत. लेकीला सासरी दोन टोमणे ऐकावे लागणार. वाईट वाटत होतं, पण सकाळसारखा जीव टांगणीला लागला नव्हता. खैरुननं रस्सा केला, भाकऱ्या थापल्या. जेवणाआधी हात धुवायला मीरासाहेब ओट्यावर उकिडवे बसले, कडक सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि हात पुढं केले. दस्तगीर तांब्या घेऊन उभा राहिला.

"दस्तगीरभाई," मीरासाहेब खाली बघत म्हणाले. "मी दर साली अख्खं बकरं कापतो. सगळ्या गल्लीत भारी असतंय. ईदेआधी त्याला दारात बांधतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. इतकी वर्षं करतोय. भीती आज वाटली."

त्यांचे हात तसेच पुढं होते, मोठे, बांगड्या भरून भरून बोटं चपटी झालेले हात. दस्तगीरनं तांब्या कलता केला आणि पाणी पडायच्या आधी त्याचा हात थांबला. हे पाणी आपण कुणासाठी घालतोय? क्षणभर त्यानं आत बघितलं. मग घातलं.